काळशीच्या पाण्यात अठरा हजार

वैजयंती उपळेकरने पाच वर्षांपूर्वी ‘वेत्रगडाचा वृत्तान्त’ या मालिकेचा चौथा खंड चारशे बाराव्या पानावर मिटला, तेव्हापासून त्यातलं अठरा हजारांचं सैन्य काळशी नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभं आहे, आणि ते बाहेर येईपर्यंत तिला दुसरी मालिका मिळू शकत नाही. निंबळ्याच्या वाचनालयाचा तसा नियमच आहे. तो पाण्याच्या पिंपाच्या वर, काचेच्या चौकटीत लावलेला आहे. वाचक जिथे थांबतो तिथे त्याच्या वाट्याची पुस्तकातली माणसं थांबतात, आणि एका मालिकेतली माणसं खोळंबून ठेवणाऱ्याला दुसऱ्या मालिकेतली माणसं देण्यात येत नाहीत.

एकाच खंडात संपणाऱ्या पुस्तकांना हा नियम नाही. तिथे अडकून अडकून किती माणसं अडकणार? नवरा, बायको, फार तर एखादा सासरा. ती मंडळी जेवणाच्या टेबलाशी बसून राहतात, त्यांचं काही बिघडत नाही. मालिकांचं तसं नसतं. तिथे राजधान्या असतात, वेढे असतात, गाभण हत्तिणी असतात.

वैजयंती वजनमापे निरीक्षक होती. तिची स्कूटर दिसली की बाजारातले तराजू आपोआप सरळ होत आणि पेट्रोल पंपावरची माणसं लिटरमागे पूर्ण लिटर घालू लागत. तिचा राग तालुक्याला माहीत होता. तो कमी मापाचा राग होता. कोणी कमी दिलं, की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाई, मग ते साखर असो, सुट्टी असो की माणसाचा शेवट.

पाच वर्षं तिने एकखंडी पुस्तकांवर काढली होती. दोनशे पानांत आटोपणाऱ्या कादंबऱ्या तिला जेवायला बोलावून चहावर वाटेला लावल्यासारख्या वाटत. तिला सुरुवातीला उलगडून पाहायचा नकाशा हवा होता. निदान नऊ खंड हवे होते. आपण राजपुत्र आहोत असा शोध लागणारा गुराख्याचा पोर नको होता. आणि घोडे दमायला हवे होते. ज्या पुस्तकात घोडे दमत नाहीत त्यातलं काहीच खरं नसतं, असं तिचं स्पष्ट मत होतं, आणि ते ती न विचारताही सांगत असे.

अशी मालिका मिळावी म्हणून तिने अकरा अर्ज केले. अकराही फेटाळले गेले. प्रत्येक मालिका आपला माणूस मुलाखतीला पाठवते. ‘दर्यापल्याडच्या नऊ राण्या’ने एक अमात्य पाठवला होता. त्याने तिची नोंद वाचली, उपरणं सावरलं आणि ‘आमच्याकडे दोन राण्या बाळंतपणाला आल्यात, आम्हाला जोखीम परवडायची नाही,’ असं सांगून तो उठला. ‘तांबड्या खिंडी’कडून ज्वालासर्पांचा राखणदार आला. तो म्हणाला, माझी जनावरं हवेत पंख मारत पाच वर्षं नाही राहू शकत, मॅडम, त्यांना उतरावं लागतं. वैजयंतीने त्याला सांगितलं की मी ते सगळं वाचून संपवीन. तो म्हणाला, असं सगळेच म्हणतात.

चौथा खंड तिने कंटाळून मिटला नव्हता. तो तिने रागाने मिटला होता, आणि राग धाकट्या भावावरचा होता.

अनिरुद्धचं दोन तालुके पलीकडे औषधांचं दुकान. दोघांचा करार होता: सोमवार ते शनिवार ठरलेल्या पानापर्यंत वाचायचं, रविवारी सकाळी दहाला फोनवर बोलायचं, आणि कोणीही, कुठल्याही कारणाने, ठरलेल्या पानाच्या पुढे जायचं नाही. साडेतीन खंड हा करार पाळला गेला. मग एका रविवारी सैन्य काळशीत उतरलेलं असताना अनिरुद्ध फोनवर म्हणाला, “ताई, पुढच्या आठवड्यात रुद्रांबर जातो.”

एवढंच म्हणाला. तिने फोन ठेवला, पुस्तक मिटलं आणि वाचनालयात नेऊन परत केलं. त्यानंतर पाच भाऊबिजा कोरड्या गेल्या. नात्यातल्या लग्नांत ती भाऊ बसेल त्याच्या दुसऱ्या टोकाला बसे आणि मठ्ठ्याचा पेला त्याच्या हातून आला तर पुढे ढकलून देई.

सेनापती रुद्रांबरावर तिचा जीव होता. हे सरळच सांगितलेलं बरं. वेत्रगडच्या दरबारात राजाच्या तोंडावर राजाला मूर्ख म्हणणारा तो एकटाच होता. घोडे दमले म्हणून त्याने दुसऱ्या खंडात अख्खी मोहीम चार दिवस थांबवली होती. दोन हजार नऊशे पानं ती त्याच्या सोबतीने चालली होती. चारशे बाराव्या पानावर तो जिवंत होता. ती पुढे गेली नाही तर तो जिवंतच राहणार होता. हिशेब इतका सोपा होता.

बारावा अर्ज तिने ‘मीठराज्याची बखर’ या मालिकेसाठी केला. चौदा खंड होते, प्रत्येकात नकाशा होता. आठ दिवसांनी ग्रंथपाल धनवडे यांचा फोन आला.

“मॅडम, गुरुवारी अकराला या. सुनावणी आहे.”

“मुलाखत म्हणा.”

“मुलाखत नंतर. आधी सुनावणी. तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय.”

“माझ्याविरुद्ध? कोणाची?”

धनवडेंनी कागद चाळल्याचा आवाज आला. “सैन्याची,” ते म्हणाले. “अठरा हजार सह्या आहेत. कागद जरा ओला आहे, पण वाचता येतोय. आणि तुमच्या भावालाही साक्षीला बोलावलंय.”

“तो येणार असेल तर मी येणार नाही.”

“मग अर्ज निकाली निघतो, मॅडम. बघा की.”

गुरुवारी ती पावणेअकरालाच पोचली, कारण उशिरा येणाऱ्यांचाही तिला राग होता. धनवडे हे शांत गृहस्थ. त्यांनी टेबलावर नोंदवही, शाईचा शिक्का आणि चौथा खंड मांडून ठेवला होता. बाकावर एक काळीसावळी, वयस्क बाई मांडीवर बोचकं घेऊन बसली होती. ती मीठराज्याची प्रतिनिधी, असं धनवडेंनी सांगितलं. ती सकाळच्या पहिल्या गाडीने आली होती आणि तिचा नंबर नंतर होता. बाईने मान हलवली आणि ती पुन्हा खिडकीबाहेर पाहू लागली.

अनिरुद्ध आला. त्याचे केस विरळ झाले होते. त्याने “ताई” म्हटलं. वैजयंतीने धनवडेंना विचारलं की पंखा जोरात लावता येईल का.

अकराला सेनापती रुद्रांबर दारातून आत आला.

त्याचं धोतर कमरेपर्यंत ओलं होतं आणि पायांतून पाणी वाहत होतं. वैजयंती उभी राहिली. आपण उभं राहिलो हे तिला नंतर कळलं. पहिलं तिला जे जाणवलं ते असं, की हा माणूस सहा फुटी नाही. तिच्या नजरेने फार तर पाच फूट सात इंच होता. लेखकाने पाच इंच जादा लावले होते. तिला लेखकाचा राग आला, आणि मग, हा माणूस पाच फूट सात इंचातही तोच आहे हे लक्षात आलं.

अनिरुद्ध मात्र उठलाच नाही. तो भूत पाहिल्यासारखा खुर्चीत बसून राहिला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

“बसा,” धनवडे म्हणाले. “तक्रारीसाठी एका प्रतिनिधीला पंचेचाळीस मिनिटांची रजा असते. त्यातली चार झालीत.”

रुद्रांबर बसला. खुर्चीखाली थारोळं जमू लागलं.

“या बाईंनी आम्हाला पाच वर्षं नदीत उभं केलंय,” तो म्हणाला. “माझ्या माणसांच्या पायांची कातडी सुटलीय. अर्ध्यांना रोज ताप. स्वयंपाक्यांनी तांदळाची पोती डोक्यावर धरलीत, ती खाली ठेवायला जागा नाही. घोडे उभ्या उभ्या झोपतात आणि पाण्यात तोंड गेलं की दचकून उठतात. मी राजाला शिव्या दिल्या, देवांना दिल्या. मग कळलं की यात राजाचा हात नाही. कोणी एक बाई आहे, तिला आमच्यासाठी एक पान उलटायला होत नाही.”

“तुम्ही पुस्तकात असं बोलत नाही,” वैजयंती म्हणाली.

“पुस्तकात मी कोरडा होतो.”

धनवडेंनी नोंदवही उघडली. “थांबण्याचं कारण वाचकाने लिहून दिलेलं आहे. रेकॉर्डसाठी वाचतो.”

“नको!” वैजयंती ओरडली. “त्यांच्यासमोर नको. धनवडे, मी सांगते नको!”

पण धनवडे वाचायला लागले की थांबत नसत. वाचनालयात नोकरी करणाऱ्याला ती सवय ठेवावीच लागते. “कारण,” त्यांनी वाचलं, “सेनापती रुद्रांबर पुढे मरतो असे भावाने सांगितल्यामुळे.”

खुर्चीखाली पाण्याचे थेंब पडत राहिले. रुद्रांबरने वैजयंतीकडे पाहिलं.

“असं होय,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुम्हाला कंटाळा आला.”

“कंटाळा?” वैजयंतीचा आवाज चढला. “दोन हजार नऊशे पानं वाचली मी! उभ्या गावात माझ्याइतकी कोणी वाचली नसतील. मला कंटाळा येतो असं वाटतं तुम्हाला?”

“पाच वर्षं कोणी येत नाही म्हटल्यावर माणसाला काय वाटावं?”

“तुम्हाला वाचवत होते मी!”

“कोणी सांगितलं होतं?” रुद्रांबर उठून उभा राहिला. त्याचा आवाज खरोखर पुस्तकातल्यासारखा होता. त्यात लेखकाने काही लावलं नव्हतं. “बाई, सैन्यात आहे मी. मरायचं असतं हे मला पहिल्या खंडापासून ठाऊक आहे. तुम्ही माझ्या एकट्यासाठी अठरा हजार माणसं भिजत घातलीत आणि वर त्याला वाचवणं म्हणता? राजाही माझ्याशी असा वागला नाही, आणि तो मूर्ख आहे.”

वैजयंतीला कोणी असं बोललं नव्हतं. तिला मिरच्या झोंबल्या. त्याहून जास्त हे झोंबलं, की तो म्हणत होता ते बरोबर होतं. म्हणून तिने मोर्चा दुसरीकडे वळवला.

“हा!” तिने अनिरुद्धकडे बोट केलं. “याला बोला की! याने सांगितलं नसतं तर मी वाचत गेले असते, तुम्ही कधीच पलीकडच्या काठाला लागला असता. करार मोडला याने. विचारा, का मोडला.”

“साक्षीदाराने उत्तर द्यावं,” धनवडे म्हणाले.

अनिरुद्धने रुमालाने तोंड पुसलं. “मी एक दिवस पुढे गेलो,” तो म्हणाला. “शुक्रवारी दुकान बंद होतं. म्हटलं, चार पानं वाचू, कोणाला कळतंय. आणि माझा रुद्रांबर गेला. सर, माझ्या वाट्याचा. मी वाचलं आणि तो गेला. शनिवार मी कसा काढला मला माहीत. रविवारी हिचा फोन आला, तर ही हसत होती. नदी कशी छान ओलांडतील, घोडे कसे पोहतील, सांगत होती. हिचा अजून होता. माझ्याच्याने बघवलं नाही.”

“म्हणून माझाही मारलास?” वैजयंती म्हणाली.

“एकट्याला कळून बसणं व्हायना, ताई. दुसरं काही नाही.”

“चोरून वाचायला झालं, आणि एकट्याने बसणं तेवढं झालं नाही!”

“नाही झालं,” अनिरुद्ध म्हणाला. “आणि शिक्षा म्हणून तू पाच वर्षं फोन घेतला नाहीस. माझा तो गेला, वर तूही गेलीस. माझं माप पुरतं भरलंय, तू उगाच पारडं धरून बसू नकोस.”

रुद्रांबर अनिरुद्धकडे वळला होता.

“म्हणजे तुम्ही बघितलंत,” तो म्हणाला. “मला.”

“हो.”

“माझा घोडा?”

“सांगू नकोस!” वैजयंती म्हणाली. “पुढचं सांगू नकोस, अन्या, तुझ्या तोंडाला आवर नाही!”

“घोडा वाचतो,” अनिरुद्ध म्हणाला.

सेनापतीने सुस्कारा टाकला आणि तो पुन्हा खुर्चीत बसला. “मग वाचा,” तो म्हणाला. “अजून काय पाहिजे?”

पण वैजयंती निरीक्षक होती. पळवाटा शोधणाऱ्यांना पकडण्यात तिची वीस वर्षं गेली होती, त्यामुळे पळवाट कुठे असते ते तिला नीट माहीत होतं. ती धनवडेंच्या टेबलापाशी गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली, “हे आत्ता इथे आहेत. पुस्तकात नाहीत. मी आत्ताच पान वाचते. सैन्य बाहेर येईल, हे इथेच राहतील. आमच्या ऑफिसात शिपायाची जागा रिकामी आहे. माझ्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या पडून आहेत. घोडा नंतर मागवता येईल.”

धनवडेंनी चष्मा काढून पुसला. “पहिलं वाक्य त्यांचं आहे, मॅडम,” ते म्हणाले. “चारशे तेरावर. सैन्याला ‘चला’ असा हुकूम द्यायचाय. माणूस जागेवर नसेल तर पान कोरं दिसतं. कोरं पान वाचलं असं मी कसं लिहू?”

“हुकूम दुसरं कोणी देईल.”

“नाही देत कोणी. मागे एका वाचकाने त्याच्या मालिकेतली नावाडीण अशीच घरी ठेवून घेतली होती. साडेसातशे पानं कोरी गेली. शेवटी तीच कंटाळून परत गेली.”

“मी शिपाई होणार नाही,” रुद्रांबर म्हणाला. तो आता ओरडत नव्हता आणि ते जास्त वाईट होतं. “किती वेळ राहिला?”

“अठरा मिनिटं. परत जायला बारा लागतात.”

तो उठला. वैजयंती त्याच्या वाटेत उभी होती. तिला खूप बोलायचं होतं. दुसऱ्या खंडातल्या त्या चार दिवसांबद्दल, दरबारातल्या त्या एका वाक्याबद्दल, आपण तेव्हा एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या त्याबद्दल. पण राग तिच्या घशात असा बसला होता की त्याच्या शेजारून दुसरं काही बाहेर येईना.

“तुम्ही सहा फुटी नाही,” ती म्हणाली.

“माहीत आहे,” रुद्रांबर म्हणाला. “मला कोणी विचारून लिहिलं नाही.” मग त्याने मान झुकवली, दरबारात राजाला कधी झुकवली नव्हती इतकी, आणि म्हणाला, “आता कुठे थांबू नका. पाणी फार गार आहे.”

धनवडेंनी त्याची परतीची सही घेतली आणि तो गेला. बारा मिनिटं गेली. धनवडेंनी घड्याळाकडे पाहून चौथा खंड तिच्या पुढे सरकवला. खंडाची खालची कड दमट होती.

अनिरुद्धने खुर्ची तिच्या शेजारी ओढली. “मी बघू?”

“तुझा वाचून झालाय.”

“असू दे.”

लहानपणी दोघांत एकच पुस्तक असे. ती भरभर वाचे, तो रेंगाळे. ती पानाच्या तळाशी पोचून ‘झालं का’ विचारी, आणि तो ‘थांब ना’ म्हणे. तिचं अर्धं बालपण पानांच्या तळाशी भावाची वाट बघण्यात गेलं होतं. म्हणून तर तो पुढे गेला हे तिच्या इतकं जिव्हारी लागलं. आज तिने चारशे बारावं पान उलटलं, चारशे तेराची पहिली ओळ वाचली, त्यात रुद्रांबर ‘चला’ म्हणाला, आणि अठरा हजार माणसं काळशीतून बाहेर निघाली. स्वयंपाक्यांनी पोती खाली ठेवली. वैजयंती पानाच्या तळाशी आली आणि सवयीने थांबली.

“झालं माझं,” अनिरुद्ध न विचारताच म्हणाला. “उलट.”

लेखकाने तीन पानं धुक्याला दिली. दोन पानं राजाच्या तंबूतल्या गालिच्यांना दिली. एक पान कोणाच्या तरी आजोळच्या वंशावळीला दिलं. चारशे विसाव्या पानावर, वरून सहाव्या ओळीत, रुद्रांबराच्या मानेत डावीकडून बाण शिरला. सातव्या ओळीत तो घोड्यावरून घसरला, तेव्हा लढाई नीटशी सुरूही झाली नव्हती. आठव्या ओळीपासून पाऊलवाटेचं वर्णन होतं.

वैजयंतीने पुन्हा वाचलं. मग बोट ठेवून ओळी मोजल्या.

“दोन ओळी,” ती म्हणाली.

“हो,” अनिरुद्ध म्हणाला.

“दोन ओळी!” ती उठली, खुर्ची मागे पडली. “दोन पानं गालिचे आणि माणसाला दोन ओळी! एक शब्द बोलू दिला नाही त्याला! दोन हजार नऊशे पानं त्याच्याकडून काम करून घेतलं आणि शेवटी असं मापात मारलं! धनवडे, माझ्या हातात असतं तर या माणसाचं दुकान आजच्या आज सील केलं असतं. वजनं जप्त केली असती!”

“लेखकाविरुद्धची तक्रार पलीकडच्या खिडकीवर,” धनवडे म्हणाले. “मंगळवारी.”

“मंगळवारी येते. आणि सगळं सामान घेऊन येते.”

ती रडत होती. तिने ते लपवलं नाही. रागाने रडू आलं की ती ते कधी लपवत नसे. अनिरुद्धने पडलेली खुर्ची उचलून सरळ केली.

“आता दोघांचाही गेला,” तो म्हणाला.

“तू गप्प बस,” वैजयंती म्हणाली, आणि त्याच्या हातातला रुमाल घेऊन त्यात नाक शिंकरलं. मग दोघांनी ते प्रकरण संपेपर्यंत वाचलं.

धनवडेंनी नोंदवहीत ‘सैन्य पाण्याबाहेर’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि तक्रार निकाली काढली. उरलेले खंड तिने सवडीने वाचावेत, आता कोणी अडचणीत नाही, सैन्य छावणीत आहे आणि जेवतं आहे, असं त्यांनी सांगितलं. मग त्यांनी बाकावरच्या बाईला हाक मारली.

मीठराज्याची बाई बोचकं घेऊन पुढे आली. तिच्या हातांना मिठाने पडलेल्या भेगा होत्या. ती त्या राज्यात मिठागरांची वाटाडी होती, भरती आली की कुठून चालायचं ते तिलाच ठाऊक असे. तिने वैजयंतीची नोंद वाचली. अमात्याने आणि राखणदाराने वाचली होती तशी भुवया चढवून नाही, बाजारहाटाची यादी वाचावी तशी.

“एकाच माणसासाठी थांबलात?” तिने विचारलं.

“हो.”

“पुन्हा थांबाल?”

वैजयंतीने खोटं बोलायचं ठरवलं होतं. “माहीत नाही,” ती म्हणाली.

बाईने मान डोलावली आणि धनवडेंकडे पाहिलं. धनवडेंनी घसा साफ केला. “एक आहे, मॅडम. ज्यांच्या नावावर थांबल्याची नोंद असते, त्यांना मालिकेने कोण जातं ते सहीच्या आधी सांगावं लागतं. नंतर तक्रार नको.”

“मला नको आहे सांगायला!” वैजयंती पुन्हा भडकली. “आधीच सांगण्यावरून हे सगळं रामायण झालं, आणि तुम्ही तोच नियम करता? कोणी केला हा नियम? त्याला समोर आणा.”

“नियम आहे,” धनवडे म्हणाले.

“मी जाते,” मीठराज्याची बाई म्हणाली. “सहाव्या खंडात. भरतीत.”

तिने ते गाडीची वेळ सांगावी तसं सांगितलं. वैजयंती तिच्याकडे पाहत राहिली. बाईचं नाव तिला अजून माहीत नव्हतं. नकाशाही तिने अजून उघडला नव्हता. ही बाई आपल्याला आवडणार हे मात्र तिला आत्ताच कळलं होतं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला होता.

“किती ओळींत?” तिने विचारलं.

“मोजल्या नाहीत हो,” बाई म्हणाली.

वैजयंतीने अर्ज पुढे ओढला. नाव, पत्ता, हुद्दा तिने भरला. ‘वाचनाचा वेग’ असा एक रकाना होता. त्यात तिने, अक्षर कोरून कोरून, ‘अतिशय संथ’ असं लिहिलं. अनिरुद्धने तिच्या खांद्यावरून ते वाचलं. त्याने धनवडेंकडून स्वतःसाठी एक कोरा अर्ज मागून घेतला.

बाईने तो रकाना पाहिला.

“चालेल,” ती म्हणाली. “आम्हाला घाई नाही.”